इकोची उंची कोणाची?

गेल्या श्रावणात आजी ओट्यावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, बाहेर पाऊस कोसळत होता. आमचं गाव किन्हवलीच्या पलीकडे, आतल्या बाजूला. गावात चारचाकी सात-आठ असतील, पण माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी एकच: माझ्या मावसभावाची पांढरी इको. सीट काढल्या, गोधड्या अंथरल्या, आजीला फळीवर घेऊन आत ठेवलं आणि शहापूरच्या वाटेला लागलो. मी तिच्या डोक्याशी बसलो होतो.

ती इको दोन महिन्यांपूर्वीच ‘लो’ केलेली होती. चारही स्प्रिंगांचे वेढे कापलेले, १५ इंची काळे अलॉय, त्यावर रबराची पट्टी चढवल्यासारखे पातळ टायर. उभी असली की झकास दिसायची. तिची पहिली रील टाकली तेव्हा पहिला बदाम माझा होता. आणि अलॉयच्या पैशांतले आठ हजारही माझे होते, वाढदिवसाची भेट म्हणून.

त्या रात्री पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीच्या पोटातून ठण्णकन आवाज आला. आजी ओरडली नाही. तिने पदराचा बोळा दातांत धरला आणि म्हणाली, “हलू रं पोरा, हलू.” भाऊ आधीच दहाच्या स्पीडने चालवत होता. त्याहून हळू म्हणजे थांबणंच. पुढे प्रत्येक खड्ड्याला तोच ठण्ण, आणि मागचं चाक मडगार्डला घासल्याचा खर्रर्र आवाज. पाऊण तासाच्या रस्त्याला दोन तास लागले. दोन तास मी आजीचं डोकं दोन्ही हातांत धरून बसलो होतो आणि प्रत्येक ठणक्याला मनात म्हणत होतो, यातले आठ हजार तुझे.

आजी आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येते. तेव्हा हा लेख रडगाणं म्हणून वाचू नका. मी एक दावा मांडतो आहे आणि तो पटला नाही तर भांडायला तयार आहे. दावा असा: शहापूर-मुरबाडसारख्या भागात व्हॅनची उंची ही मालकाची खासगी बाब नाही. हप्ते तो भरत असेल, आरसीवर नाव त्याचं असेल, तरीही. ती उंची त्या गाडीत बसणाऱ्या सगळ्यांची आहे.

पोरं वाया गेली, हे म्हणणाऱ्यांना आधी

हा विषय काढला की एक वर्ग लगेच खूश होतो. “बरोबर बोललास, या पोरांना धंदे नाहीत, गाडी खाली बसवतात, कर्कश हॉर्न लावतात, टपोरी कुठले.” थांबा. मी तुमच्या बाजूचा नाही.

शनिवारी सकाळी मुरबाड रोडला उभं राहून बघा. माळशेजकडे, फार्महाउसकडे निघालेल्या गाड्यांची रांग असते. त्यांतल्या कित्येक थार आणि जिम्नी कंपनीच्या उंचीवर नसतात. दोन-तीन इंच वर उचललेल्या, टायर मडगार्डच्या बाहेर आलेले, पुढे लोखंडी बंपर. त्याला कुणी टपोरी म्हणत नाही, ‘ॲडव्हेंचर’ म्हणतात. गाडी वर उचलली की शौक, खाली बसवली की वाह्यातपणा. कायद्याला मात्र दोन्ही सारखेच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्यात खाली आणि वर असा भेद नाही. भेद आपल्या डोळ्यांत आहे, आणि तो गाडी बघून नाही, पोरगा बघून केलेला असतो.

गाडी खाली बसवण्याला स्वतःचा इतिहासही आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतल्या कामगार पोरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या शेव्हरोले घेऊन त्या जमिनीलगत आणल्या. गोऱ्यांच्या गाड्या वेगासाठी सजायच्या, यांनी मुद्दाम उलटं केलं: खाली आणि सावकाश. रविवारी संध्याकाळी चालण्याच्या गतीने रस्त्यावरून मिरवायचं, लोकांनी बघावं म्हणून. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने नियम केला की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या तळापेक्षा खाली नसावा. पोरांनी त्यावर हायड्रॉलिक पंप बसवले: बटण दाबलं की गाडी वर, पोलिस गेला की खाली. शेवटी २०२३ मध्ये त्या राज्याने हे निर्बंध उठवणारा कायदा केला.

म्हणजे ज्याच्याकडे दाखवायला फारसं काही नाही, त्याने आपल्याकडच्या एकुलत्या एक वस्तूला सुंदर करणं, ही जुनी आणि मानाची गोष्ट आहे. आपल्याकडे बैलाची शिंगं रंगवतात, त्याला कुणी वाह्यात म्हणत नाही. माझं भांडण सौंदर्याशी नाही. भांडण कापलेल्या स्प्रिंगशी आहे, आणि त्या लॉस एंजेलिसच्या पोरांचा अर्धाच धडा उचलण्याशी आहे. त्यांचं होतं खाली आणि सावकाश. आपलं झालंय खाली आणि सुसाट.

कोयत्याचं पाणी आणि स्प्रिंगचं पाणी

आता थोडं इंजिनिअरिंग. माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची, या पिढीचा नेहमीचा घोळ. पण स्प्रिंगचा धडा अजून आठवतो.

इकोला पुढे आणि मागे कॉइल स्प्रिंग आहे. जुन्या ओम्नीला मागे पाटे होते. गॅरेजमध्ये लो करायचं म्हणजे तीनपैकी एक प्रकार होतो. पहिला, ग्राइंडरने किंवा गॅसने स्प्रिंगचा एखाद-दुसरा वेढा कापायचा. दुसरा, स्प्रिंग गाडीतच ठेवून गॅसच्या ज्योतीने लाल करायची, म्हणजे ती आपोआप बसते. तिसरा, पाटे असतील तर एक पाटा काढून टाकायचा.

दुसरा प्रकार सगळ्यात भयंकर, आणि तो समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. आपल्या भागात प्रत्येक घरात कोयता आहे. लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे काय करतो ते आपण लहानपणापासून बघतो. तोच कोयता चुलीत पडून लाल झाला तर त्याचं पाणी उतरतं, मग त्याने कारवीसुद्धा तुटत नाही. स्प्रिंगचं पोलादही असंच पाणी दिलेलं असतं. ते गॅसने तापवलं की पाणी उतरलं. आज दोन इंच बसली, सहा महिन्यांनी आणखी बसेल, आणि एक दिवस मोडेल. केव्हा मोडेल ते ती स्प्रिंग तुमची सोय बघून ठरवणार नाही.

वेढा कापणं थोडं कमी वाईट वाटतं, पण गणित करू. समजा स्प्रिंगला सहा काम करणारे वेढे आहेत. एक कापला की उरलेली स्प्रिंग सहास पाच या प्रमाणात कडक होते, म्हणजे २० टक्के. गॅरेजवाला हेच ऐकवतो: “कडक झाली, आता लागणार नाही.” लागते. कारण गाडी खाली आली म्हणजे स्प्रिंगला दबायला उरलेली जागाही कमी झाली. समजा आधी खड्ड्यात चाक आठ सेंटीमीटर वर येऊ शकत होतं आणि आता तीनच. तोच धक्का तीन सेंटीमीटरमध्ये पचवायचा तर स्प्रिंग जवळजवळ सात पट कडक हवी. आपल्याकडे आहे २० टक्के. बाकीचा धक्का रबराच्या बंप स्टॉपवर, तो फाटला की थेट चेसीवर. आजीच्या हाडात जात होता तो हाच उरलेला धक्का.

याहून वाईट गोष्ट फोटोत दिसत नाही. कापलेल्या स्प्रिंगचं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही, कारण बसण्यासाठी बनवलेलं टोकच आपण फेकून दिलेलं असतं. चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग सैल होते, जागा सोडू शकते. कापलेल्या स्प्रिंगला जुनाच शॉकअप लावला तर तो त्याच्या मधल्या पट्ट्यात काम करायच्या ऐवजी तळाशी आपटत राहतो, तेल गळायला लागतं. आणि काही व्हॅन-पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी एक व्हॉल्व्ह असतो. बॉडी किती खाली दबली आहे त्यावरून तो ठरवतो की मागे माल किती आहे आणि मागच्या ब्रेकला दाब किती द्यायचा. गाडी कायमची खाली बसवली की त्याला वाटतं गाडी कायम भरलेली आहे. रिकाम्या गाडीचा ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गोल फिरते. माळशेज घाटात धुक्यात गोल फिरायला जागा किती असते, ते तुम्हाला ठाऊक आहे.

टायरवरचे आकडे वाच, भावा

स्प्रिंगांबद्दल लोक निदान घाबरतात तरी. चाक आणि टायरबद्दल कुणी घाबरत नाही, कारण तो ‘नुसता लुक’ समजला जातो. माझ्या मते अर्धी चूक इथेच होते.

टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ १५५/८० आर १३. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी. दुसरा म्हणजे टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे. शेवटचा रिमचा व्यास इंचात. म्हणजे भिंत १५५ च्या ८० टक्के, १२४ मिलिमीटर. दोन भिंती आणि रिम मिळून पूर्ण चाक ५७८ मिलिमीटर. आता याच्या जागी १९५/४५ आर १५ टाकू. रिम मोठी दिसते, पण भिंत फक्त ८८ मिलिमीटर आणि पूर्ण चाक ५५६ वर येतं. म्हणजे रिम मोठी करून चाक लहान झालं. स्प्रिंगला हात न लावताही गाडी एक सेंटीमीटर खाली आली, आणि खड्डा व रिम यांच्यामधली हवेची गादी साडेतीन सेंटीमीटरने पातळ झाली. आपल्याकडच्या धारदार कडांच्या खड्ड्यात ती गादी संपते, रिमची कड आणि डांबराची कड यांच्यामध्ये टायर चिमटला जातो आणि भिंत फाटते. भिंत फाटली की पंक्चरवाला काही करू शकत नाही, नवा टायरच लागतो. आणि पावसाळ्यात रात्री दहा वाजता टोकावड्याला किंवा डोळखांबला तुला १५ इंची ४५ प्रोफाइलचा टायर कोण देणार आहे? १३ इंची जुना का होईना, कुठेतरी मिळतो.

दुसरा आकडा कुणीच वाचत नाही, आणि तोच जीव वाचवतो: लोड इंडेक्स. आकारानंतर ७८, ८५, ९० असा एक आकडा असतो. तो किलो नाही, तो कोड आहे. ७८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४२५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ९० म्हणजे ६००. आता आपली गाडी. पेट्रोल इकोचं रिकामं वजन हजार किलोंच्या आतबाहेर. आरसीत माणसं पाच किंवा सात. आपण बसवतो किती, खरं सांग. म्हशाच्या यात्रेहून येताना अकरा. सरासरी ५५ किलो धरले तरी सहाशे किलो, वर घोंगड्या, भांडी, मिठाई. गाडी साडेसोळाशेच्या घरात. त्यातलं साठ टक्के मागच्या ॲक्सलवर धरलं तर एकेका मागच्या टायरवर ४९५ किलो. आणि टायरवर लिहिलंय ७८. प्रत्येक फेरीला तू त्या टायरकडून ७० किलो उधार घेतो आहेस. टायर उधारी लिहून ठेवत नाही, एकदाच वसूल करतो.

जुन्या ओम्नीचा टायर आठवतो? १४५ आर १२ एलटी. केवढासा तो टायर, लोक हसायचे. पण ते एलटी म्हणजे लाइट ट्रक. बनवणाऱ्याला माहीत होतं की ही गाडी माणसांची कमी आणि ओझ्याची जास्त आहे. १९८४ ला आलेली ती व्हॅन २०१९ ला बंद झाली, तोपर्यंत तिने काय काय ओढलं याचा हिशोब नाही. तिच्या टायरला हसून आपण पुढे गेलो आणि कारचे टायर व्हॅनला लावायला लागलो.

मग हौस करायचीच नाही का? कर की. पण या क्रमाने कर. आधी कंपनीने दिलेला लोड इंडेक्स बघ. नवा टायर त्याच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा, खालचा कधीच नको. मग पूर्ण चाकाचा व्यास मूळच्या आसपास ठेव, दोन-तीन टक्क्यांच्या पुढे फरक नको. मग रिमचा ऑफसेट. चाक मडगार्डच्या बाहेर काढायला स्पेसर टाकलास तर व्हील बेअरिंगवर आणि स्टडवर असा ताण येतो ज्यासाठी ते बनलेलेच नाहीत. अलॉय घेताना तिच्यावर तिची वजन पेलण्याची मर्यादा लिहिलेली आहे का ते बघ. लिहिलेली नसेल तर ती शोभेची वस्तू आहे. टायरवरचा चार अंकी तारखेचा शिक्का वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. स्वस्तात ‘नवे’ म्हणून मिळणारे टायर कधीकधी नुसतेच न वापरलेले म्हातारे असतात. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद आणि पावसानेही. आणि हे सगळं झाल्यावर रंग, डिझाइन, काय वाटेल ते. काळी रिम, सोनेरी रिम, लाल रेघ. एका इंचाने मोठी रिम, पुरेशी जाड भिंत आणि मूळ उंचीवरची स्वच्छ पांढरी इको किती देखणी दिसते, हे आपण कधी करूनच बघितलेलं नाही.

ही गाडी कुणाची आहे

इथे मावसभावाचा आणि माझा वाद पेटतो. तो म्हणतो, “गाडी माझी. हप्ता मी भरतो. तू पुण्याला एसीत बसून मला उंची शिकवू नको.” शेवटचं वाक्य मला लागतं, कारण ते खरं आहे. पण पहिलं वाक्य खरं नाही.

शहापूर तालुक्यातून रेल्वे जाते, आसनगावहून लोकल पकडता येते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे, धसई. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव. या सगळ्या रस्त्यांवर एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला. तिच्या वेळा आणि आपल्या वेळा यांच्यामधली जी पोकळी आहे, ती जीपने भरली, मग ओम्नीने, आणि २०१० पासून इकोने. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला तेव्हा परीक्षेला जाणारी पोरं, डायलिसिसला जाणारे म्हातारे, भाजी घेऊन कल्याणला जाणाऱ्या बाया कशातून गेल्या? पांढऱ्या नंबरप्लेटच्या या गाड्यांतूनच. ते नियमात बसत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बसणाऱ्यांना आणि अडवणाऱ्यांनाही.

आमच्या गावात भावाची इको सकाळी शाळेची गाडी असते, दुपारी भाताच्या बियाण्याची, लग्नसराईत वऱ्हाडाची आणि रात्री ॲम्ब्युलन्स. माझ्या वहिनीची दोन्ही बाळंतपणं त्या गाडीने दवाखान्यात पोचवली. तिच्या पेट्रोलला लोक पैसे देतात म्हणून तिचा हप्ता सुटतो. म्हणजे गाडी त्याची, हे अर्धं खरं. गाव तिला भाड्याने वाटून घेतं. आणि ज्या वस्तूवर गावाचा जीव टांगलेला आहे, तिची स्प्रिंग कापताना गावाला विचारायला नको? विहिरीचा कठडा शोभत नाही म्हणून कुणी एकटा पाडतो का?

शहरातल्या एखाद्याने स्वतःची दोन सीटची गाडी जमिनीला टेकवली तर धक्के त्याच्याच कमरेला बसतात. आपल्याकडे ते मागे बसलेल्या गरोदर बाईला बसतात. ड्रायव्हरची सीट पुढच्या चाकाजवळ असते, आजीची गोधडी मागच्या ॲक्सलच्या वर.

आणि आता सरकार

पण सगळं पोरांवर ढकलून मोकळं होणं हा माझा हेतू नाही. पोरगा गॅस कटरकडे का जातो? कारण दुसरीकडे जायला वाटच नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवायचं असेल तर रीतसर मार्ग आहे. मान्यता असलेलं किट, अधिकृत ठिकाणी बसवणं, आरटीओत नोंद, आरसीत बदल. गॅसची टाकी, जी फुटली तर अख्खी गाडी पेटेल, ती नियमात बसवता येते. आणि चाचणी घेऊन बनवलेली, तीन सेंटीमीटर खाली बसणारी पण पूर्ण वजन पेलणारी स्प्रिंग बसवायला सामान्य माणसाला तसा सरळ रस्ता नाही. जर्मनीत स्प्रिंग किंवा रिम बदलली की तिचं प्रमाणपत्र असतं, टीयूव्हीसारख्या संस्थेत तपासणी होते, गाडीच्या कागदावर नोंद होते. आपल्याकडे पुण्यात एआरएआय १९६६ पासून आहे, गाड्या आणि त्यांचे भाग तपासण्याचं ज्ञान घरात आहे. नाही ती फक्त इच्छा. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड ठेवला. ठेवा. पण चांगलं काम आणि गॅस कटरचं काम दोघांनाही एकच दंड असेल, तर पोरगा स्वस्त असेल तेच करणार. बंदी घालून उपाय मोकळा न ठेवणं, हे धोका रस्त्यावर सोडण्यासारखंच आहे.

आणि स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसचं स्पीडब्रेकरचं माप आहे: १० सेंटीमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद, १७ मीटर त्रिज्येचा सपाट उतार, साधारण २५ च्या वेगाने ओलांडता येईल असा. मी इकोच्या व्हीलबेसवर, म्हणजे २.३५ मीटरवर, हिशोब केला. दोन्ही चाकं अशा उंचवट्यावर असताना पोटाखालची फक्त चार सेंटीमीटर जागा जाते. कंपनीच्या उंचीची इको, जिचा ग्राउंड क्लिअरन्स १६० मिलिमीटर आहे, ती यावरून तरंगत जाईल. भावाची लो केलेली गाडीसुद्धा न घासता जाईल! पण आपल्या गावात स्पीडब्रेकर म्हणजे हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध. एखादा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लोक स्वतःच ओततात, त्यांचा राग खरा असतो. पण तो बांध पोटाखालची सगळीच जागा मागतो. त्याच्यावरून ॲम्ब्युलन्सही आपटते, भरलेली रिक्षाही, आणि दुचाकीवर मागे बसलेली बाईही. तेव्हा लो गाडीवाल्याला शिव्या घालणाऱ्या गावाने आधी स्वतःचा बांध मोजावा.

आजी घरी आली त्याच्या पुढच्या आठवड्यात भावाने न बोलता चारही स्प्रिंग आणि शॉकअप मूळचे, नवे टाकले. कापलेल्या स्प्रिंग विकून अर्धेही पैसे आले नाहीत, कारण कापलेली स्प्रिंग म्हणजे भंगार. १५ च्या रिम गेल्या, १४ च्या आल्या, जाड भिंतीचे टायर, लोड इंडेक्स मी स्वतः वाचून घेतलेला. रिम त्याने काळ्याच ठेवल्या. तो हक्क त्याचा आहे. माझे आठ हजार बुडाले, त्याबद्दल मी काही बोललेलो नाही.

पण त्याने एक अट घातली. “मी उंची परत दिली. आता तू तो शाळेपुढचा बांध काढून दाखव.” म्हणून येत्या ग्रामसभेसाठी आम्ही दोघांनी अर्ज लिहिला आहे: शाळेपुढचा स्पीडब्रेकर काढून ३.७ मीटर रुंदीचा, मापाचा आणि पांढरे पट्टे रंगवलेला करावा. अर्जासोबत आकृती जोडली आहे, इकोची आणि बांधाची, दोन्हींची मापं टाकून. तुमच्या गावातही एक बांध असेल आणि एक कापलेली इको असेल. टेप घेऊन दोन्ही मोजा, आणि दोन्हींबद्दल बोला.